साहेबाचा शिक्का

"आजपासून आपलं समाजकार्य इंग्रजांच्या तावडीतून सुटलं!" संघपाल सरांनी गारखेड्याच्या सभागृहात जाहीर करून टाकलं. माइक बंद होता, त्यामुळं मागच्या रांगेतल्या पारध्यांपर्यंत सुटकेची वार्ता पोचली नाही. इंग्रजांनी कायदा करून ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं ते हेच लोक, आणि कार्यक्रमही त्यांच्याचसाठी होता.

तीस वर्षं अशी शिबिरं घेऊन सर पार थकले होते. यंदा त्यांनी शिबिराच्या हजेरीची प्रमाणपत्रंच बंद केली. कागद आणि शिक्का ही साहेबाची खोड. त्याऐवजी पारधी संस्कृतीचा मान म्हणून प्रत्येकाला तितर धरायचा फासा काचेत मढवून दिला.

सगळे पांगल्यावर पिशोरच्या मालनबाई लेकाला घेऊन माघारी आल्या आणि फासा त्यांनी टेबलावर ठेवला.

"सर, हे तुमच्यापाशीच राहू द्या. घरात सापडलं तर शिकारीच्या नावाखाली लेकाला आत टाकतील."

"अहो मालनबाई, ही तुमची संस्कृती आहे!"

"व्हय सर. पोलीस बी तेच म्हणतेत."

सर खुर्चीत बसले. "मग काय देऊ तुम्हाला?"

"गावात आज कुणाचं काही गेलं असंल, तर सांजच्याला आमच्याच दारात येतील. आम्ही दोघं दिवसभर इथंच होतो, एवढं लिहून द्या. वेळ टाका. अन् सर, शिक्का तेवढा ठळक उठू द्या."