पेटी चालू, पडदा बंद

"आल्या आल्या कॉम्प्युटर चालू करून ठेवा. बाकी काहीही जागचं हलवू नका. खुर्चीसुद्धा."

बाईंचा फोनवरचा आवाज कालपासून मुलीच्या कानात होता. तिने बटण दाबलं. टेबलाखालच्या पेटीतला पंखा घुरघुरला, हिरवा दिवा लागला, एकदाच पीप वाजलं. पडदा मात्र काळाच राहिला.

तिने वाट पाहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. पडदा काळाच.

नोकरीचा पहिला दिवस होता. बाई भाषांतरकार. त्यांची प्रत्यक्ष भेट अजून व्हायची होती. कुणाच्या तरी ओळखीने नंबर मिळाला, फोनवर बोलणं झालं, आणि बाई गावाहून येईपर्यंत शेजारच्या काकूंकडून किल्ली घ्यायची असं ठरलं. काम साधं होतं. मूळ पुस्तक मुलीने मोठ्याने वाचायचं, बाईंनी ऐकत ऐकत भाषांतर टाइप करायचं.

"कानावर पडलं की वाक्य बोलकं होतं," बाई म्हणाल्या होत्या. "पण तुम्ही कंटाळून मधल्या ओळी गाळाल. सगळ्याच गाळतात."

"एकही नाही गाळणार," मुलीने शब्द दिला होता.

कितीतरी महिने घरी बसल्यावर मिळालेली ही नोकरी पहिल्याच बटणाला जायच्या बेतात होती. शिवाय बाईंचं अख्खं पुस्तक याच पेटीत होतं. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं.

तिने मामेभावाला फोन लावला. त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं.

"दादा, पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण पडद्यावर काही नाही."

"तू हात लावलास ना? तुझा हात लागला की यंत्रं संन्यास घेतात."

"दादा, मी रडेन हं."

"रड, पण लांब बसून. पेटीत पाणी जायला नको. बरं, पीप किती वेळा वाजलं?"

"एकदाच."

"मग पेटी म्हणतेय, मी बरी आहे. पडद्याचा दिवा?"

"नारिंगी. लुकलुकतोय."

"म्हणजे पडदाही जिवंत आहे. दोघांची बोलचाल बंद पडलीय, एवढंच. मागची तार बघ."

तिने तार काढून पुन्हा घट्ट लावली. काही नाही. मागे दुसरी जागा होती, तिथे लावून पाहिली. काही नाही.

"आता पेटी बंद कर, वीज काढ, आणि बाजूचं झाकण उघड."

"बाईंनी काही हलवायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मग बाईंनाच सांग की उघडायला."

तिने मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि पेटी ओढून उजेडात घेतली. आतून दादाने सांगितलेली मेमरीची लांबट हिरवी पट्टी अलगद काढली. तिची सोनेरी कड खोडरबराने पुसायची होती. टेबलावर खोडरबर नव्हता. पेन्सिल, पेन, कागदाचा कपटाही नव्हता. भाषांतरकाराचं टेबल इतकं रिकामं! कीबोर्डवरची अक्षरं तेवढी झिजून पार गुळगुळीत झाली होती. तिने स्वतःच्या पर्समधला खोडरबर काढला, कड पुसली, पट्टी कट्कन जागेवर बसवली आणि बटण दाबलं.

एक पीप. काळा पडदा.

"मग आतलं चित्राचं कार्ड गेलं," दादा म्हणाला. "संध्याकाळी येऊन बघतो."

"आणि पुस्तक?"

"चित्र गेलं म्हणून लिहिलेलं जात नाही, वेडाबाई. पण बघितल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही."

जिन्यात पावलं वाजली. सावकाश, एका लयीत. मुलीने फोन ठेवला, झाकण लावलं, पेटी टेबलाखाली सरकवली.

बाई आल्या. मुलीने मान खाली घातली, ती वर करायचा तिला धीर होईना. पर्स खुंटीला लागल्याचा आवाज आला. बाई खुर्चीत बसल्या, आणि त्यांचा पाय पेटीला लागला.

"पेटी हलली आहे."

किती बारीक लक्ष!

"बाई, मी बटण दाबलं, पण काही येईचना. मग भावाला विचारून पेटी उघडली. तुम्हाला विचारायला हवं होतं. तुमचं पुस्तक गेलं असेल तर..."

"अहो, श्वास तरी घ्या."

बाईंनी हेडफोन कानाला लावले. बोटं कीबोर्डवर सरसर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मुलगी फरशीकडे बघत उभी राहिली.

"नावाडी परत फिरला, इथवर झालं होतं माझं," बाई म्हणाल्या. "आहे की. शब्दन् शब्द आहे."

मुलगी मटकन स्टुलावर बसली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"खरंच बाई?"

"खोटं कशाला सांगू? पेटी छान चालतेय. पंख्याची घरघरसुद्धा कमी झाल्यासारखी वाटते. तुमच्या हाताला गुण आहे हो."

"हे आमच्या दादाला सांगा एकदा." तिने डोळे पुसले. तरी राहवेना. "पण बाई, तुम्हाला सापडलं कसं? पडदा तर अजून काळाच आहे."

बाईंची बोटं थांबली. त्यांचा हात कीबोर्डवरून पुढे सरकला, चाचपत चाचपत पडद्याच्या काचेवर टेकला.

"अगंबाई! हा बंद पडलाय होय?" त्या हसल्या. "केव्हापासून? मला तर पेटी सगळं कानातच वाचून दाखवते."

मुलीने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग बाईंनी पुढे केलेलं मूळ पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि शेवटच्या प्रकरणाची पहिली ओळ सावकाश, शब्दन् शब्द वाचायला घेतली.