गैरसमजाचा विमा

सासूबाईंच्या तेराव्याला पानं मांडलेली असताना इंदुमती रेगे सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाल्या होत्या, "नर्सनं दुपारची गोळी दिली नाही, म्हणून आई गेल्या." नर्स सरोजनं बदनामीचा दावा लावला. इंदुमतींचा बोलण्याचा विमा होता. हल्ली चारचौघांत तोंड उघडणारा प्रत्येक जण तो काढतो आणि कंपनीचा बिल्ला गळ्यात घालून फिरतो.

आज कंपनीच्या तांबेबाईंनी तो बिल्ला टेबलावर ठेवला. "गैरसमजातून बदनामी झाली, तर भरपाई आम्ही देतो. खोटं आहे हे माहीत असून केली, तर देत नाही. बोलताना मनात काय होतं, ते बिल्ला टिपतो. बाईंना माहीत होतं."

"अशक्य!" इंदुमतींचे यजमान श्रीपादराव उसळले. "तिची खात्रीच होती. नर्सनं गोळी चुकवली, हे मीच तिला सांगितलं होतं."

तांबेबाईंनी बिल्ला इंदुमतींपुढे सरकवला. श्रीपादरावांनी बायकोकडे पाहिलं.

"नर्स जेवायला जाताना गोळी तुमच्या हातात देऊन गेली होती," इंदुमती खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुमचा सदरा धुवायला घेतला, तेव्हा ती तशीच खिशात होती."