मागची रांग

नवरा ऑफिसला म्हणून निघाला आणि भरदुपारी सिनेमाच्या थिएटरात शिरला. बरोबर कोण आहे ते बघायचंच म्हणून मीही तिकीट काढलं. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, आणि खुर्ची बरोबर त्याच्या मागची. पण त्याच्या शेजारी कुणी येईचना. सिनेमा हेरगिरीचा, आणि नुसता आचरटपणा. हेर खिडकीच्या पडद्यामागे लपला, बूट बाहेर राहिले, तरी मी ओठ घट्ट मिटून होते. मग खलनायक आला. त्याने ते बूट निरखले, हळूच काढून स्वतःच्या पायात घातले, आपल्या फाटक्या चपला तिथे ठेवल्या आणि निघून गेला.

मी फिस्सकन हसले ते थांबेचना.

नवऱ्याने मागे न बघताच पॉपकॉर्नचा पुडा माझ्याकडे सरकवला. “घे. आणि तो गॉगल काढ, अंधारात काय दिसतंय? सांगून आलो असतो तर म्हणाली असतीस, या वयात शोभतं का?”

माझ्या मागच्या रांगेतलं खो-खो हसणं एकदम थांबलं आणि त्याच्या साहेबांचा आवाज आला, “वहिनी, तुम्हाला तर सकाळपासून अंथरुणातून उठवत नव्हतं ना?”