मनगटपट्टीची साक्ष

परदेशातल्या त्या मंदिरात ऋजुताने कीर्तनाला सलग दोन तास पेटीची साथ केली. शेवटी टिळेकरबुवांनी तिच्या हातात नारळ दिला आणि तिच्या मनगटावरची पट्टी लाल झाली : ‘विनापरवाना काम. मोबदला स्वीकारला.’

विद्यार्थी व्हिसावर आलेल्या प्रत्येकाला श्रम आणि मोबदला टिपणारी ती पट्टी बांधावीच लागे. आता सोमवारी सुरू होणारी इंटर्नशिप तर जाणारच, शिक्षणही अर्धवट टाकून घरी परतावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी बुवा तिच्याबरोबर व्हिसा कचेरीत गेले. “अहो बाई, नारळ म्हणजे पगार नव्हे, प्रसाद आहे!”

“पट्टीला प्रसाद कळत नाही, श्रम कळतात,” म्हणत अधिकारी बाईंनी त्या दोन तासांचा आलेख उघडला. मग त्या पुढे झुकल्या. “ही पेटीवर बसली तेव्हा पार दमलेली होती. उठली तेव्हा थकवा जवळजवळ नाहीच! असं कुठलं काम असतं?” त्यांनी नोंद खोडली. “सोमवारी रुजू व्हा.”

पट्टी हिरवी झाली. ऋजुताला हसू आणि रडू एकदमच आलं.

बुवांनी हात जोडले. “पांडुरंगाची कृपा! फक्त माझ्या श्रोत्यांच्या पट्ट्या तेवढ्या तपासू नका हं, बाई.”