उजवा खिसा

कोट मांडीवर आला की आधी खिसे उलटे करायचे, ही शेडमधली रीत. त्या दुपारी रफूवालीने उजवा खिसा उलटला आणि आतून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड बाहेर आलं.

ते कापड उशीचं होतं. तिच्याच उशीचं. लेक सायकली दुरुस्त करायचा. पाने, नटबोल्ट खिशात कोंबून कोंबून त्याने एक खिसा कधी धड ठेवला नव्हता. पलटणीत गेला तरी खोड गेली नाही. सुट्टीवर आला तेव्हा तिने त्याच्या नव्या कोटाचा खिसा आतून दुहेरी शिवून दिला होता. "आता तोफ ठेवलीस तरी फाटणार नाही," असंही म्हणाली होती.

शेडमध्ये आठ बायका ओळीने बसलेल्या. आघाडीवरून आलेले कोट धुऊन, नंबराच्या पट्ट्या कापून इथे येत. भोकं अशी बुजवायची की बोट फिरवलं तरी कळू नये. मग तेच कोट नव्या पोरांच्या अंगावर चढत. भोकं काटेरी कुंपणाने पडतात, असं मुकादम सांगे, आणि बायका माना डोलवत. तीही डोलवत असे. शेजारची काजेवाली तेवढी गप्प बसत नसे. "कुंपण मोठं शहाणं हो," ती म्हणे, "बरोब्बर छातीशीच येऊन अडतं."

रफूवालीने कोट सुलटा केला. डाव्या बाजूला, दुसऱ्या बटणाशेजारी एक भोक होतं. करंगळी जाईल एवढं. तिने करंगळी घातली. ती गेली.

ओळीच्या टोकाला कुणीतरी गुणगुणत होतं:

*सुई माझी बारीक गं, दोरा माझा लांब,*
*जाणाऱ्या लेकरा रे, एक टाका थांब.*

"भावजी," तिने हाक मारली.

मुकादम तिचा धाकटा दीर. पुतण्याला हाताला धरून भरतीच्या रांगेत उभं करणाराही तोच. तो हसत आला.

"काय वहिनी, दोरा संपला?"

"हा कोट कुणाचा?"

"नंबर कापलाय. मला कसं कळणार?"

तिने खिसा त्याच्यापुढे धरला. पट्टे बघून त्याचं हसू विझलं.

"पोरं आपसांत बदलतात कोट," तो घाईने म्हणाला. "थंडीत कोण कुणाचा घालेल, नेम नसतो."

बुडत्याला काडी दिसावी तसं तिला क्षणभर झालं. ती काडी तिने धरूनही पाहिली. पोरगा होताच तसा, अंगावरचं काढून देणारा.

"मग माझ्याकडे बघून सांगा," ती म्हणाली. "तो आहे ना?"

त्याने दाराकडे पाहिलं, गठ्ठ्यांकडे पाहिलं, स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. तिच्याकडे काही पाहिलं नाही. गुणगुणणं थांबलं होतं.

"कधी?" तिने विचारलं.

"अठरा दिवस झाले. कागद इथल्याच पत्त्यावर आला." मग त्याची जीभ सुटली. "शनिवारी ट्रक आहे, वहिनी. साठ कोट जायचेत. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा आहे? तुम्ही अंथरूण धरलं असतं, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? ट्रक गेला की सांगणारच होतो. आजचं मरण उद्यावर ढकललं, एवढंच."

"कुणाचं रे?" काजेवालीने मान वर न करता विचारलं.



"अठरा दिवस," रफूवाली म्हणाली. "आणि गेल्या रविवारी माझ्या हातचं जेवलात. हात धुतलेत आणि त्याचं पत्र आलंय म्हणून मला वाचून दाखवलंत."

तिने पोलक्यातून कागद काढला. चार घड्या, कडा मऊ पडलेल्या. तिला अक्षर येत नव्हतं, पण कागद रोज उघडून बघितलेला दिसत होता.

"हे कुणी लिहिलं?"

"रोज दारात उभ्या राहून विचारायचात," तो पुटपुटला. "मला बघवेना."

"इथे ऊब आहे, झोप लागते, जेवण वेळेवर मिळतं. ऐकताना मला शंका आली होती, भावजी. माझं पोर इतकं शहाण्यासारखं कधी लिहीत नाही. पण मग मध्येच 'म्हातारे' असं आलं. लाडात आला की तो मला तसं म्हणायचा, तेही घरात दुसरं कुणी नसताना. तुमच्या-आमच्यात भिंत एकच, तुम्ही पलीकडून ऐकलं असणार. मी त्या शब्दावर शंका सोडून दिली. तुम्हाला आणखी एक पोळी वाढली."

तिने कोट मांडीवर नीट पसरला आणि कागद त्याच्या हातात दिला.

"वाचा."

"वहिनी, आता कशाला…"

"वाचा, भावजी. मला म्हातारे म्हणणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही."