राखणदाराचा कोंबडा

"आजी, कोंबड्या खुशाल ठेवा, पण कोंबडा चालणार नाही. वस्तीत नियम आहे," म्हणत नगरपंचायतीच्या साहेबाने माझ्या परसातलं डालगं उचललं. आतल्या कोंबड्याने मान वाकडी करून त्याला न्याहाळलं.

तक्रार शेजारच्या परुळेकरांची. आमच्या लहानपणी अख्खी वाडी कोंबडा आरवला की उठायची. आता मोबाईल आरवतो, त्याला नियम नाही. हे गेल्यापासून मला सकाळी हाक मारणारा घरात हा एवढाच उरलाय.

"न्या बापडे," मी म्हटलं. "फक्त, वेशीवरच्या राखणदाराला नवसाने बोललेला आहे तो. देवाशी तुमचं तुम्ही बघा."

चटका बसल्यासारखं साहेबाने डालगं खाली ठेवलं. देवाला बोललेला कोंबडा उचलायची छाती आमच्या गावात कुणाचीच नाही.

"देणार कधी?"

"पुढच्या जत्रेला."

राखणदारालाही मी दर जत्रेत हेच सांगते. तोही माझ्यासारखाच थकलाय. कोंबडा चावायला दात कुठून आणणार!

फाटकापर्यंत गेलेला साहेब परत आला आणि हळूच म्हणाला, "आजी, आमच्याही परसात एक आहे. शेजारी फार कटकट करतात. राखणदाराला दोन चालतील?"