पहिलं बटण

वायरिंगचं काम संपलं की पहिलं बटण घरमालकाने दाबायचं, असा त्या वायरमनचा शिरस्ता होता. "मान तुमचा," असं म्हणून तो बाहेर मीटरपाशी जाऊन उभा राहायचा. लोकांना त्याची ही रीत फार आवडायची. तिथे तो मेन स्विचवर हात ठेवून, कान टवकारून उभा असतो आणि त्याच्या छातीत धडधडत असतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आतून "लागला!" अशी हाक आली की मगच तो पिशवी आवरायला घ्यायचा.

या घरात आजी एकट्याच होत्या.

"मान राहू दे बाबा. मी हात लावला की चांगलं चाललेलंही बिघडतं. तूच दाब."

"अहो आजी, काही होत नाही."

"मग दाब की!"

त्याने सगळे जोड पुन्हा एकदा उघडून पाहिले. मग हातोडी उलटी धरली आणि तिच्या लाकडी दांड्याने बटण दाबायला गेला.

आजी हसल्या. "आणि मला बोटाने दाबायला सांगत होतास होय रे, लबाडा?"

त्याने हातोडी खाली ठेवली, श्वास रोखला आणि बोटाने बटण दाबलं. खोली उजळली.

"लागला," आजी म्हणाल्या.

तो वर बघतच राहिला. घरोघरी दिवे लावण्यात त्याचे केस पिकले होते, पण आपला दिवा लागताना तो आज पहिल्यांदाच पाहत होता.